अ‍ॅजिटेटर: वॉशिंग मशीनमधली रवी

वरून झाकण उघडणाऱ्या जुन्या अमेरिकी वॉशिंग मशीनच्या टबात मधोमध पंखांचा एक जाड खांब उभा असतो. तो अ‍ॅजिटेटर. ताक घुसळणाऱ्या रवीसारखा तो थोडा एका दिशेने फिरतो, थांबतो आणि उलटा फिरतो. भारतीय घरांतल्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनमध्ये बहुधा पल्सेटरची चपटी चकती असते. अमेरिकेत मात्र अनेक दशके या खांबाचेच राज्य होते, आणि निरनिराळ्या कपड्यांना तो मानवेल असा करण्यासाठी अभियंत्यांनी बरीच बुद्धी खर्च केली.

सुरुवातीच्या अनेक यंत्रांत झाकणाला टांगलेली, खुंट्या असलेली लाकडी फिरकी कपड्यांना धरून पाण्यातून ओढत असे. आयोवा राज्यातल्या न्यूटन गावची मेटॅग ही मुळात शेतीची अवजारे बनवणारी कंपनी. तिच्या हॉवर्ड स्नायडर यांनी हा फिरता भाग झाकणावरून काढून टबाच्या तळाशी बसवला. 1922 साली ‘जायराफोम’ या नावाने हे यंत्र बाजारात आले. आता कपडे पाण्यातून ओढले जाण्याऐवजी पाणीच जोराने कपड्यांतून जाऊ लागले. पुढच्या काळात अ‍ॅजिटेटरचे साहित्य बदलले. अ‍ॅल्युमिनियमनंतर काळे बेकेलाइट आणि मग पॉलिप्रॉपिलीन आले. मूळ कल्पना मात्र तीच राहिली.

अ‍ॅजिटेटर कपडे घासतो, असा समज सहज होतो. पण त्याचे खरे काम उलथापालथ करण्याचे आहे. खालचे रुंद पंख पाणी आणि कपडे बाहेर ढकलतात. ते भिंतीलगत वर येतात, पृष्ठभागावरून मध्याकडे सरकतात आणि खांबालगत पुन्हा खाली जातात. या फेऱ्यात कापड वारंवार दुमडते, उलगडते, आणि साबणाचे पाणी धाग्यांतून आरपार जाते. फेरा मंदावला की वरचे कपडे नुसते तरंगत राहतात आणि तळाचे मात्र पंखांचा मार खात झिजतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आणि पॉलिस्टरचे कपडे घरोघरी आले, तेव्हा ही अडचण ठळक झाली. जाड टॉवेल आणि सुती चादरींना लागणारी घुसळण या नाजूक कापडांना सोसेना. पहिला उपाय वेगाचा. 1950च्या दशकात दोन वेगांची यंत्रे आली. नाजूक कपड्यांसाठी अ‍ॅजिटेटर सावकाश हलू लागला. मेटॅगने पुढे खांबाला लवचिक पंख लावले, म्हणजे भार पडला की पंख किंचित वाकत. जनरल इलेक्ट्रिकच्या ‘फिल्टर-फ्लो’ यंत्रांत 1960च्या दशकात ‘मिनी-बास्केट’ आली. हे खांबावर बसवायचे छोटे भांडे खांबासोबतच हलत असे. दोन-चार नाजूक कपड्यांसाठी अख्खा टब पाण्याने भरण्याची गरज उरली नाही. जनरल मोटर्सच्या फ्रिजिडेअर यंत्राने वेगळीच वाट धरली होती. तिथला खांब फिरत नसे, वर-खाली हलत असे.

पण टब गच्च भरला की फेरा अडतो, हे दुखणे वेग कमी-जास्त करून सुटणारे नव्हते. त्यावरचा सर्वांत सुंदर उपाय 1970च्या दशकाच्या मध्यावर व्हर्लपूलने बनवलेल्या यंत्रांत आला, आणि सिअर्स या दुकानसाखळीच्या केनमोर नावाने विकल्या जाणाऱ्या यंत्रांतून तो घरोघरी पोचला. इंग्रजीत त्याला ‘ड्युअल-अ‍ॅक्शन’ म्हणतात. यात खांबाचे दोन भाग असतात. खालचा पंखांचा भाग नेहमीप्रमाणे दोन्ही दिशांना हलतो. वरच्या भागावर मोठ्या मळसूत्राची धार असते, आणि तो फक्त एकाच दिशेने पुढे सरकतो. दोन्ही भागांमध्ये प्लास्टिकचे चार छोटे खटके बसवलेले असतात. खालचा भाग एका दिशेने फिरला की खटके वरच्या भागाच्या आतल्या दातांत अडकतात आणि त्याला सोबत नेतात; उलट फिरताना ते दातांवरून निसटतात. म्हणजे प्रत्येक हेलकाव्याला मळसूत्र थोडे पुढे जाते आणि वरचे कपडे खाली दाबत नेते. त्यासाठी वेगळी मोटर नाही की वेगळा गिअर नाही. खालच्या हालचालीतलीच निम्मी गती उचलून ती दुसऱ्या कामाला लावलेली आहे. खालच्या पंखांना कपडे सतत मिळत राहतात आणि भरलेल्या टबातही फेरा चालू राहतो.

या रचनेत आधी झिजतात ते खटकेच. त्यांचे टोक गुळगुळीत झाले की वरचा भाग जागच्या जागी थरथरतो आणि वरचे कपडे कोरडेच राहिल्यासारखे दिसतात. तपासणी सोपी असते. यंत्र बंद ठेवून वरचा भाग हाताने फिरवावा: एका दिशेने तो मोकळा फिरायला हवा, दुसऱ्या दिशेने अडायला हवा. दोन्हीकडे मोकळा फिरला तर खटके गेले. टोपण आणि मधला बोल्ट काढून चार खटके बदलले की यंत्र पुन्हा कामाला लागते. अवघे यंत्र बदलण्यापेक्षा हा खर्च नगण्य असतो, म्हणून अशी अनेक जुनी यंत्रे अजूनही वापरात आहेत.

हेलकाव्याची लांबी आणि वेग मात्र या यंत्रांत गिअरनेच ठरवलेले असत. ते बंधन न्यूझीलंडच्या फिशर अँड पायकेल कंपनीने 1985 साली ‘जेंटल अ‍ॅनी’ यंत्रात इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने सैल केले. अ‍ॅजिटेटर किती आणि कसा हलवायचा हे आता मोटरचे नियंत्रकच ठरवू लागले. पुढे अमेरिकेत वॉशिंग मशीनच्या ऊर्जावापराचे नियम 2004 आणि 2007 मध्ये कडक झाले. खांब असलेल्या टबात कपडे फिरते राहायला भरपूर पाणी लागते आणि ते तापवायला वीज किंवा गॅस जातो. त्यामुळे अनेक नव्या टॉप-लोडर यंत्रांत उंच खांबाऐवजी तळाशी बसकी चकती आली, आणि दोन भागांचा अ‍ॅजिटेटर थोड्या साध्या मॉडेलांपुरता उरला.