पैज आणि राज्याचा कर

सिपना नदीच्या कांठीं, मेळघाटच्या रानांत वसलेल्या सेमाडोहांत घोड्यांच्या शर्यतीचें मैदान नाहीं, कीं द्यूतगृह नाहीं. तथापि परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या प्रवाशाच्या खिशांत आज मोबाइल असतो, आणि त्यांतून पैज घरबसल्या माणसापर्यंत येते. अशा पैजेवर राज्याचा अंकुश कसा चालतो व तिजवरील कर कोणाच्या पदरचा जातो, हें विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं समजून घेणें अगत्याचें आहे.

द्यूतावरील कर नवा नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत द्यूताध्यक्ष नांवाचा अधिकारी सांगितला आहे. खेळ एकाच ठिकाणीं चालवावा व जिंकलेल्या द्रव्यांतून शेकडा ५ घ्यावे, असा तेथील नियम. खेळ नजरेखालीं राहावा व राजकोशांतहि भर पडावी, हे त्यांतील दोन लाभ.

परंतु पैज लावणारा एका प्रांतांत व घेणारा दुसऱ्या प्रांतांत असेल तर? हा प्रश्न मोबाइलच्या पूर्वींच उपस्थित झाला होता. ‘स्पोर्टिंग स्टार’ हें साप्ताहिक बंगलोरास छापलें जाई, व त्यांतील शब्दकोड्यांसाठीं मुंबई राज्यांतील लोक पैसे भरीत. मुंबई सरकारनें आपला १९४८ चा कायदा १९५२ सालीं दुरुस्त करून त्यावर कर बसविला. पैसे येथून गोळा होतात म्हणून येथील राज्यास कर घेतां येतो, आणि जुगार हा संविधानानें रक्षिलेला व्यापार नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९५७ सालीं दिला.

मात्र ज्या खेळांत कौशल्य प्रधान, तो जुगार नव्हे, असाहि भेद न्यायालयांनीं केला. १९९६ सालीं घोड्यांच्या शर्यती कौशल्याच्या ठरल्या. याच भेदाचा आधार घेऊन ऑनलाइन रमीच्या कंपन्या आपला धंदा कायदेशीर म्हणवीत, व केवळ स्वतःच्या दलालीवर शेकडा १८ कर भरीत.

येथें थोडें गणित करूं. दहा जणांनीं प्रत्येकीं १० रुपये लाविले. १०० रुपये जमले. कंपनीनें १० रुपये दलाली ठेविली, तर जुन्या हिशेबानें कर अवघा १ रुपया ८० पैसे. १ ऑक्टोबर २०२३ पासून मात्र खेळासाठीं भरलेल्या सर्व रकमेवर शेकडा २८ कर लागूं झाला. म्हणजे त्याच १०० रुपयांवर २८ रुपये. शिवाय निव्वळ जिंकलेल्या रकमेवर शेकडा ३० प्राप्तिकर निराळा. कर नसता, तरी त्या दहा जणांस मिळून ९० रुपयेच परत गेले असते. एखादा जिंकतो खरा. पण तो जें नेतो तें इतरांच्या खिशांतूनच.

पुढें ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें कायदा करून, पैसे लावून खेळावयाचे सर्व ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा दैवाचे, निषिद्ध ठरविले. ते चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद वा एक कोटीपर्यंत दंड, अथवा दोन्ही. खेळणाऱ्यास शिक्षा नाहीं.

कर घेतला म्हणून पैज हितकर ठरत नाहीं, आणि निषेध झाला म्हणून मोह संपत नाहीं. यास्तव वरील हिशेब प्रत्येक विद्यार्थ्यानें एकदां पाटीवर स्वतः मांडावा, व घरीं वडीलधाऱ्यांसहि दाखवावा.