छावणीची वस्ती आणि वस्तीची भाषा

लष्करी हेतूने वसविलेल्या प्रदेशात लोकवस्तीची जी रचना होते, ती लष्कर निघून गेल्यावरही सहसा पुसली जात नाही. रस्त्यांची आखणी, घरांची मापे आणि स्थलनामे यांत ती टिकून राहते. म्हणून अशा वस्तीचा अभ्यास करताना भूगोल व इतिहास यांच्याबरोबर भाषेची साक्षही घ्यावी लागते. प्रस्तुत टिपणात शहाड-उल्हासनगर परिसराचे उदाहरण घेऊन हा विचार मांडला आहे.

तुलनेसाठी प्रथम चीनकडे पाहू. सीमेवरील सैन्याने शेती करून स्वतःचे पोषण करावे, ही 'तुनत्यान' पद्धती तेथे हान राजवटीपासून चालत आली. मिंग राजवटीत तिला काटेकोर रूप मिळाले. 'वेइ' या तळात नियमाप्रमाणे ५,६०० सैनिक असत आणि सैनिकी पेशा कुटुंबात वंशपरंपरेने चाले. १३८१ साली युन्नानवर स्वारी झाली. त्या मोहिमेतील सैनिकांना वाटेवरील ग्वीचौ प्रांतात वसविण्यात आले. आन्शुनजवळचे त्यांचे वंशज आजही 'तुनफू' म्हणून ओळखले जातात. त्यांची बोली शेजारच्या बोलींहून वेगळी राहिली, आणि मुखवटे घालून केली जाणारी युद्धनाट्येही त्यांनी जपली. 'तुन', 'फू', 'यिंग', 'वेइ' ही पदे त्या देशातील असंख्य ग्रामनामांत आढळतात. १४०४ साली तटबंदी झालेले त्यान्‌चिन शहर दीर्घकाळ 'त्यान्‌चिन-वेइ' या नावाने परिचित होते.

अशी नामे सर्वत्र सापडतात. लॅटिन भाषेतील छावणीवाचक 'कास्त्रा' हा शब्द इंग्लंडमधील मँचेस्टर, लँकेस्टर या नावांत दडलेला आहे. दौलतराव शिंदे यांच्या फौजेचा तळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ग्वाल्हेरजवळ पडला आणि त्याचेच 'लष्कर' नावाचे नगर झाले. पुण्याचे 'लष्कर' वा 'कॅम्प' तर आपल्या नित्य परिचयाचे आहे.

आता आपल्या परिसराकडे वळू. कल्याण स्थानकापुढे लोहमार्गाचे दोन फाटे होतात. एक शहाडवरून कसाऱ्याकडे जातो, तर दुसरा विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या मार्गाने कर्जतकडे. बंदर आणि देश यांना जोडणारे हे ठिकाण फौजेच्या ये-जा करण्यास सोयीचे असल्याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे मोठी संक्रमण छावणी उभी राहिली. युद्ध संपले, सैनिक गेले आणि बराकी मागे राहिल्या. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना या बराकींत आश्रय देण्यात आला. त्यांची संख्या लाखाच्या घरात होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसविली गेली आणि जवळून वाहणाऱ्या नदीवरून त्यास 'उल्हासनगर' हे नाव मिळाले.

दोन्ही उदाहरणांतील भेद येथे ध्यानात घेतला पाहिजे. ग्वीचौमध्ये सैनिक स्वतःच वसाहतकार झाले आणि त्यांना कसण्यास जमीन मिळाली. येथे सैनिकांच्या रिकाम्या घरांत नागरिक आले, आणि त्यांना छप्पर मिळाले तरी शेत मिळाले नाही. उपजीविका व्यापार व लहान उद्योग यांवरच उभारावी लागली. तात्पुरत्या वास्तव्यासाठी बांधलेल्या बराकीचे खण पाडून एकेक कुटुंब राहू लागले. पुढे त्याच जागेत घर, दुकान आणि कारखाना यांची दाटी झाली. सुमारे १३ चौरस किलोमीटरच्या या नगराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ५,०६,०९८ होती. अनधिकृत बांधकामांचा प्रश्न इतका वाढला की, ती नियमित करण्यासाठी राज्य शासनास २००६ साली या एकाच शहरापुरता स्वतंत्र कायदा करावा लागला.

नगरास नवे नाव मिळाले तरी लोकांच्या बोलण्यात पत्ता सांगितला जातो तो 'कॅम्प नंबर एक' ते 'कॅम्प नंबर पाच' असाच. हे आकडे मुळात प्रशासनाच्या सोयीचे होते. आज तेच जिवंत स्थलनाम झाले आहे. त्यांच्या अवतीभोवती शहाड, म्हारळ, वडोल ही जुनी ग्रामनामे टिकून आहेत. म्हणजे नकाशावर नामांचे दोन थर दिसतात, एक गावकीचा आणि दुसरा छावणीचा. मात्र अशा साक्षीचा वापर जपूनच करावा. फौजा येथे घोडे बदलीत म्हणून 'बदलापूर', ही व्युत्पत्ती लोकप्रिय आहे. परंतु ध्वनिसाम्य आणि आख्यायिका एवढ्यावर ती सिद्ध मानता येत नाही. तिला जुन्या कागदपत्रांतील नामरूपांचा आधार हवा.

अखेरीस भाषेचा प्रश्न. तुनफूंची बोली टिकली, याचे एक कारण असे की, त्यांची गावे सलग होती आणि जमिनीशी बांधलेली होती. सिंधी भाषकांना भारतात स्वतःचा भाषिक प्रांत लाभला नाही. १९६७ साली सिंधीचा समावेश घटनेच्या आठव्या अनुसूचीत झाला, तरी अरबी वळणाची लिपी की देवनागरी, हा वाद उरलाच. सिंधीत श्वास आत ओढून उच्चारलेली चार व्यंजने आहेत. मराठी वा हिंदीत ती नाहीत. ज्या मुलांचे शिक्षण व व्यवहार अन्य भाषांत होतात, त्यांच्या तोंडी हे ध्वनी कितपत स्थिर राहतात, हे पाहण्यास या पाच कॅम्पांसारखे क्षेत्र दुर्मिळ होय. सिंध प्रत्यक्ष पाहिलेली पिढी आता विरळ होत चालली आहे. बराकींच्या जागी इमारती आल्या तरी कॅम्पांचे क्रमांक टिकतील, परंतु त्या पिढीचे उच्चार नोंदविले नाहीत तर ते पुन्हा मिळणार नाहीत. शहाडच्या स्थानकात उतरून हे काम आरंभण्यास आपल्या विद्यार्थ्यांना फार लांबचा प्रवास करावा लागत नाही.