३७ सेकंद आणि ४६ वर्षं

वजन कमी करायला मी पाण्यात उतरलो आणि मुरलीकांत पेटकरांनी मला गाठलं. प्रत्यक्ष नव्हे, स्टॉपवॉचवर!

वय बत्तीस, खुर्चीत रोजचे दहा तास आणि शर्टाच्या बटणांवर वाढता ताण. डॉक्टर म्हणाले, ‘‘पोहा.’’ मला आधी कांदेपोहे आठवले, यावरूनच केस किती गंभीर होती ते ओळखा.

आजोळच्या विहिरीत शिकलेलं पोहणं सुदैवाने विसरलो नव्हतो. तीन महिन्यांत ५० मीटर फ्रीस्टाइल ५८ सेकंदांवर आणलं आणि ऑफिसच्या चहात ते सगळ्यांना ऐकवलं. आमच्या टीममधली एक मैत्रीण व्हीलचेअर वापरते. ती कपावरून बघत शांतपणे म्हणाली, ‘‘पेटकरांचा टाइम माहितीये? ३७.३३. पाय न हलवता.’’

‘चंदू चॅम्पियन’ २०२४ मध्ये मीही पाहिला होता. पण लक्षात राहिला कार्तिक आर्यन, तो आकडा नाही.

फक्त हातांवर

दुसऱ्या दिवशी मांड्यांमध्ये फोमचा पुल-बॉय धरला आणि नुसत्या हातांनी ५० मीटर मारून पाहिले. एक मिनिट बारा सेकंद. काठाला धरून धापा टाकत होतो, तेव्हा ट्रेनर हसला. ‘‘तुझे पाय त्या फोमने वर धरलेत. पायांत ताकद नसेल तर कंबर खाली जाते, अंग तिरकं होतं आणि पाणी अडवायला लागतं. मग हातांनीच अंग वर धरायचं आणि हातांनीच पुढे न्यायचं.’’

त्या रात्री पेटकरांबद्दल मिळेल ते वाचून काढलं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचा, कुस्तीचं वेड असलेला मुलगा. पुढे लष्कराच्या ईएमईत जवान आणि तिथे बॉक्सर. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या. त्यातली एक कण्याजवळ राहून गेली. कमरेखालचं शरीर लुळं पडलं. मुंबईत नौदलाच्या ‘अश्विनी’ हॉस्पिटलमध्ये उपचार सुरू असताना व्यायाम म्हणून पोहायला सांगितलं गेलं. म्हणजे डॉक्टरांचा सल्ला त्यांना आणि मला एकच. फरक पुढे पडला.

१९६८ मध्ये ते तेल अवीवच्या पॅरालिम्पिकला गेले, टेबल टेनिस खेळायला. १९७० मध्ये एडिंबरोला दिव्यांगांच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण मिळालं. आणि ऑगस्ट १९७२ मध्ये जर्मनीतलं हायडेलबर्ग. ऑलिम्पिक त्याच महिन्याअखेर म्युनिकला सुरू होणार होतं. पण तिथलं क्रीडाग्राम नंतर फ्लॅट्ससाठी द्यायचं ठरलेलं, म्हणून पॅरालिम्पिक हायडेलबर्गला हलवलेलं. तिथे ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंद. विश्वविक्रम! पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण. अभिनव बिंद्राने ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकलं २००८ मध्ये, म्हणजे तब्बल ३६ वर्षांनी.

काठावरची शर्यत

मग हार-तुरे, मिरवणुका? छे हो. पेटकरांनी पुण्यात टेल्कोत नोकरी केली. १९८२ मध्ये अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, सुवर्णानंतर ४६ वर्षांनी. आणि अर्जुन? जीवनगौरव म्हणून, जानेवारी २०२५ मध्ये. अर्ज केल्यानंतर ४३ वर्षांनी.

काळ थोडा बदललाय, हेही खरं. सोलापूर जिल्ह्यातल्या सुयश जाधवने लहानपणी विजेच्या धक्क्याने हात गमावले. २०१८च्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण घेतलं आणि २०२० मध्ये त्याला अर्जुन मिळाला. दोनच वर्षांत.

हे सगळं मी मैत्रिणीला मोठ्या उत्साहात सांगितलं. वर म्हटलं, ‘‘तूही ये ना पूलवर.’’

‘‘किती पायऱ्या आहेत?’’

मी गप्प. तीन महिने रोज चढत होतो, कधी मोजल्याच नव्हत्या.

सकाळी मोजल्या. नऊ. रॅम्प नाही. चेंजिंग रूमच्या दारातून व्हीलचेअर आत जाणार नाही, हे टेप न लावताही दिसत होतं. मॅनेजरना विचारलं तर ते अगदी सरळ मनाने म्हणाले, ‘‘अहो, तसे मेंबर इथे कुणी येतच नाहीत. रॅम्प करून काय करू?’’

मैत्रिणीला हे सांगितलं, तेव्हा तिला राग नाही आला. त्याचंच मला जास्त लागलं. ती म्हणाली, ‘‘अ‍ॅक्सिडेंटनंतर फिजिओथेरपीत मी दोन महिने पाण्यात होते. तिथे मला खुर्ची लागत नव्हती. पाण्यात मला काहीच त्रास नाही रे. त्रास काठापर्यंत पोचण्याचा आहे.’’

पेटकरांची गोष्ट मी आतापर्यंत जिद्दीची गोष्ट म्हणून वाचत होतो. ती आहेच. पण जिद्द त्यांची होती. ४६ वर्षं लावली ती काठावर उभ्या असलेल्यांनी. आणि त्या काठावर टॉवेल गुंडाळून मीही उभा होतो.

आम्ही बारा मेंबर्सनी सह्या करून रॅम्प आणि रुंद दारासाठी अर्ज दिलाय. त्याला सहा आठवडे झाले. ‘‘मीटिंगमध्ये ठेवतो,’’ असं उत्तर मिळालंय. दर सोमवारी पोहून झालं की ओल्या केसांनीच मॅनेजरच्या केबिनमध्ये डोकावतो.

दरम्यान, माझा टाइम ५८ वरून ५५ वर आलाय. अर्जाचं घड्याळ अजून चालूच आहे.