ड्वाइट हॉवर्ड: खेळाडू संपला होता की त्याचा रोल?

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी ही लेखी आवृत्ती. माझे 'अं' आणि 'म्हणजे' काढून टाकलेत, बाकी मुद्दे तेच.

आजचा विषय म्हणजे एनबीए बघणाऱ्यांचा जुना वाद, ड्वाइट हॉवर्ड. एक गट म्हणतो, पाठीच्या दुखापतीने त्याचा खेळ गेला आणि लोकांनी बिचाऱ्याला उगाच नावं ठेवली. दुसरा म्हणतो, दुखापत हे निमित्त, त्याच्यासोबत खेळायलाच कोणाला नको होतं. मला वाटतं दोघांच्याही हातून एक प्रश्न सुटतो: टीममध्ये त्याचं नेमकं काम काय होतं?

आधी तो काय होता

2004 च्या ड्राफ्टमध्ये ऑरलँडोने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं, तेही थेट शाळेतून. 2009 मध्ये लेब्रॉनच्या क्लीव्हलँडला हरवून ऑरलँडो फायनलला गेली आणि त्या सीरिजच्या सहाव्या मॅचमध्ये हॉवर्डने 40 पॉइंट्स केले. फायनल मात्र कोबीच्या लेकर्सने 4-1 ने जिंकली. 2009, 2010 आणि 2011 असं सलग तीनदा तो लीगचा सर्वोत्तम डिफेंडर ठरला. आधी कोणालाच हे जमलं नव्हतं.

आता ही टीम चालायची कशी ते बघा. कोच स्टॅन व्हॅन गंडी हॉवर्डला रिंगजवळ ठेवायचे आणि बाकीचे चौघं लांब पसरायचे. हॉवर्ड स्क्रीन लावून रिंगकडे धावला की दोन-तीन डिफेंडर त्याच्यामागे आत ओढले जायचे आणि बाहेर कोणीतरी शूटर मोकळा व्हायचा. म्हणजे हातात बॉल नसतानाही तो मॅच फिरवत होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नाव कुठे खराब झालं

एप्रिल 2012. व्हॅन गंडींनी पत्रकारांना सरळ सांगून टाकलं की हॉवर्डला मला काढून टाकायला हवंय. तेवढ्यात हॉवर्ड मागून आला आणि काहीच माहीत नसल्यासारखा कोचच्या गळ्यात हात टाकून उभा राहिला! तो व्हिडिओ आजही फिरतो. त्याच महिन्यात त्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि ऑगस्टमध्ये तो लेकर्सकडे गेला.

तिथे कोबीशी त्याचं जमलं नाही. कोबीला चोवीस तास गंभीर माणूस हवा, आणि हा हसतखेळत राहणारा. पण स्वभावापेक्षा मोठं भांडण रोलचं होतं. सीझनच्या पाच मॅच झाल्या आणि लेकर्सने कोच बदलला. नव्या कोचची पद्धत पिक अँड रोलची, म्हणजे स्क्रीन लाव आणि धाव. हॉवर्डला मात्र रिंगकडे पाठ करून बॉल हातात हवा होता. टीमने 45 मॅच जिंकल्या, पण प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत सॅन अँटोनियोने 4-0 ने उडवलं. शेवटच्या मॅचमध्ये तर हॉवर्डला रेफरीने बाहेर काढलं.

आता दुसरी बाजू. दुखरी पाठ आणि दुखरा खांदा घेऊन त्या सीझनला मॅचमागे सरासरी 12.4 रिबाउंड घेत तो लीगमध्ये पहिला होता. 'आळशी होता' म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

शरीर थकलं होतं का?

पुढे ह्यूस्टनमध्ये तीन सीझन, मग अटलांटा, शार्लट, वॉशिंग्टन, प्रत्येकी एक. शार्लटच्या सीझनमध्ये तो 81 मॅच खेळला, सरासरी 16.6 पॉइंट्स आणि 12.5 रिबाउंड. मार्च 2018 मध्ये ब्रुकलिनविरुद्ध 32 पॉइंट्स आणि 30 रिबाउंड. संपलेल्या माणसाचे आकडे असे नसतात. तरीही सीझन संपल्यावर शार्लटने त्याला देऊन टाकलं.

का? कारण मधल्या काळात लीग बदलली. सगळ्या टीम्स तीन पॉइंट्सच्या शॉटकडे वळल्या. रिंगजवळ बॉल मागत उभा राहिलेला सेंटर बाकीच्यांच्या वाटेत यायला लागला. त्यात हॉवर्डचे फ्री थ्रो कच्चे, त्यामुळे शेवटच्या मिनिटांत त्याच्या हातात बॉल देणं धोक्याचं.

मग 2019 उजाडलं

वॉशिंग्टनमध्ये पाठीने पुन्हा दगा दिला आणि तो फक्त 9 मॅच खेळला. त्या उन्हाळ्यात लेकर्सच्या डीमार्कस कझिन्सचा गुडघा गेला, आणि लेकर्सने हॉवर्डला परत बोलावलं, पण पैशांची हमी नसलेल्या करारावर. ज्या चाहत्यांनी त्याला शिव्या घातल्या होत्या, त्यांच्यासमोरच परत उभं राहायचं होतं.

या वेळी तो साधारण 19 मिनिटं खेळायचा. स्क्रीन, रिबाउंड, डिफेन्स, डंक. सरासरी फक्त 7.5 पॉइंट्स, पण शॉट्सपैकी जवळपास 73 टक्के आत. डेन्व्हरविरुद्धच्या सीरिजमध्ये त्याने निकोला योकिचला धक्के देऊन देऊन हैराण केलं. ऑक्टोबर 2020 मध्ये लेकर्स जिंकले आणि त्याला अंगठी मिळाली.

माझा निकाल

हॉवर्ड वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. ड्रेसिंग रूममध्ये काय चालायचं ते आपण बाहेरून ऐकतो, आणि टीम्स पैशांच्या हिशोबानेही खेळाडू बदलतात. पण 2020 मध्ये त्याने जे केलं त्याचा गाभा ऑरलँडोतलाच होता, फक्त मिनिटं कमी आणि मोठेपणा नाही. म्हणून मला वाटतं, मधल्या सात वर्षांत जे अडलं त्यात पाठीचा वाटा होताच, पण 'मी स्टार आहे, बॉल मलाच द्या' या हट्टाचा वाटा जास्त होता.

त्याची किंमतही त्याने मोजली. 2021 मध्ये लीगच्या 75 व्या वर्षानिमित्त निवडलेल्या 76 महान खेळाडूंच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. 2025 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये तो गेला, तेव्हा कुठे थोडा हिशोब चुकता झाला.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस, तिथेही हेच बघतो. सगळ्यात अवघड काम जमणारा सिनियर टीमला हवाच असतो. पण प्रॉडक्ट बदललं की त्याला वेगळं, कमी चमकदार काम करावं लागतं, आणि तेव्हा तो कसा वागतो यावर लोक त्याला लक्षात ठेवतात. त्यामुळे पुढच्या वेळी कोणी 'तो संपलाय' म्हणालं, तर आधी एवढंच विचारा: खेळाडू संपलाय, की जुना रोल?

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर जमलं तर 2020 ची ती डेन्व्हर सीरिज बघा, आणि बॉलकडे न बघता फक्त हॉवर्डकडे बघा.