विमानाला साइडपट्टी नसते

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, एका इंजिनकामाच्या शेडमध्ये विलिस जीपचं इंजिन उघडून ठेवलं होतं. दुसऱ्या महायुद्धातली जीप. चार सिलिंडर, साठ अश्वशक्ती. मिस्त्रींनी सिलिंडरमध्ये बोअर गेज सोडला आणि डायलवरचा आकडा खडूनं ब्लॉकवरच लिहिला. पिस्टनच्या रिंगा वरच्या टोकाशी सगळ्यात जास्त घासतात. म्हणून जुना सिलिंडर वर रुंद होतो, तळाशी मूळ मापाच्या जवळ राहतो. शिवाय पिस्टनच्या बाजूच्या रेट्यानं तो लांबगोलही होतो.

“वीस थाऊ काढायला लागतंय,” मिस्त्री म्हणाले. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आधी बोअरिंग, मग होनिंग, मग तेवढेच मोठे पिस्टन.

त्याआधी भेग शोधायची होती. ब्लॉकला रॉकेल फासलं, थोडं थांबून कोरडं पुसलं आणि वर खडूची भुकटी चोळली. काही वेळानं वाल्व्हच्या सीटपासून सिलिंडरकडे जाणारी बारीक ओली रेघ पांढऱ्यावर उमटली. भेगेत शिरलेलं रॉकेल भुकटीनं बाहेर ओढलं होतं.

“आणि एखादा भाग मिळतच नसेल तर?”

“मिळत न्हाय म्हंजे काय? करायचा.”

ही बढाई नव्हती. या जिल्ह्यात तीनशेच्या आसपास फाउंड्र्या आहेत. झिजलेला तुकडा समोर ठेवून पॅटर्नमेकर लाकडी पॅटर्न घडवतो, धातू थंड होताना आकसतो तेवढी सूट मापात धरतो. मग वाळूचा साचा, ओतकाम, लेथ. मी म्हटलं, जीपच्या जागी युद्धातलं विमान असतं तर?

“इंजिन चालू करून दिलं असतं. उडवायचं नाव न्हाय काढनार. गाडी बंद पडली तर साइडपट्टीला घ्यायची. इमानाला साइडपट्टी असती व्हय?”

दुरुस्त होणं वेगळं आणि उडण्याजोगं होणं वेगळं. डाकोटा विमानाचं ट्विन वास्प इंजिन घ्या. चौदा सिलिंडर, सात-सातच्या दोन चक्रांत मांडलेले, सुमारे तीस लिटरचं, बाराशे अश्वशक्तीचं. ते बरेच दिवस उभं राहिलं की खालच्या सिलिंडरांत तेल झिरपून साठतं. तसंच सुरू केलं तर पिस्टन त्या न दबणाऱ्या तेलावर आपटून कनेक्टिंग रॉड वाकू शकतो; म्हणून आधी पंखा हातानं फिरवून बघतात. नट-बोल्ट कसून भागत नाही. बोल्टांच्या डोक्यांतल्या भोकांतून तार ओवून जोडीजोडीनं पिळतात, अशा दिशेनं की एक सैल व्हायला लागला तर दुसरा घट्ट ओढला जावा.

भेग शोधायची तत्त्वं मात्र ओळखीची. ॲल्युमिनियमवर रॉकेलऐवजी भेगेत शिरणारा रंग आणि खडूऐवजी पांढरा डेव्हलपर. पोलादी भाग चुंबकित करून त्यावर लोहकणांची चमकणारी शाई सोडतात. अतिनील दिव्याखाली कण भेगेच्या कडेला गोळा झालेले दिसतात. पत्र्याचं काम आणखी नाजूक. काही मिश्रधातूंचे रिवेट उष्णतेची प्रक्रिया झाली की थेट फ्रीझरमध्ये ठेवावे लागतात, नाहीतर ठोकण्याआधीच कडक होतात. डाकोटाच्या शेपटीचे हलते भाग कापडानं मढवलेले असतात. त्यावर डोप नावाचं रसायन चढवलं की वाळताना ते कापड हलगीच्या कातड्यासारखं ताणतं.

यातलं काहीही उद्यमनगरच्या हाताबाहेरचं नाही. अडतं ते दुसरीकडे.

मोडकी विमानं जुळवून पुन्हा उडवल्याचा सगळ्यात धाडसी दाखला आपल्याच देशातला आहे. युद्ध संपल्यावर अमेरिकेची लिबरेटर बॉम्बफेकी विमानं कानपूरला साठली. ती अमेरिकेनं लेंड-लीज करारानं ब्रिटनला दिली होती. काम संपल्यावर परत करायची, नाहीतर निकामी करायची. ब्रिटिशांनी ती मोडून टाकली. बेंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या तंत्रज्ञांनी त्या ढिगातून विमानं निवडली, याचा भाग त्याला लावत एका प्रवासापुरती उभी केली. वैमानिक जिमी मुन्शी ती सुमारे दीड हजार किलोमीटर उडवत बेंगळूरला घेऊन गेले. तिथं खरी दुरुस्ती झाली. नोव्हेंबर 1948 मध्ये पहिली विमानं हवाई दलाच्या पाचव्या स्क्वाड्रनला मिळाली. पुढे पुण्याहून सहाव्या स्क्वाड्रननं याच लिबरेटरांवर समुद्रावर टेहळणी केली, थेट 1968 पर्यंत. त्यांतलं एक नंतर अमेरिकेत गेलं आणि संपूर्ण उघडून पुन्हा जोडल्यावर 1989 मध्ये तिथल्या आकाशात उडालं.

कानपूरचं काम उद्यमनगरच्या पद्धतीचं वाटतं, पण एक फरक आहे. तिथं कुणी भाग अंदाजानं ओतला नव्हता. शेजारच्या विमानातून काढलेला प्रत्येक भाग मूळ कारखान्याचा, ठरलेल्या मिश्रधातूचा होता, आणि धातू फार तर पाच-सहा वर्षांचा. आज त्याच धातूचं वय ऐंशीच्या पुढे आहे. आतला गंज, हजारो उड्डाणांचा थकवा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आयर्लंडमध्ये भंगारात निघालेला डाकोटा तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी विकत घेतल्यावर तो ब्रिटनमध्ये काही वर्षं खपून नव्यानं उभा करावा लागला. ‘परशुराम’ नावानं तो एप्रिल 2018 मध्ये उडत भारतात आला आणि 4 मे रोजी हिंडनच्या तळावर हवाई दलात दाखल झाला. त्याच्या अंगावरचा व्हीपी 905 हा क्रमांक काश्मीरच्या पहिल्या युद्धात, 27 ऑक्टोबर 1947 ला, शीख रेजिमेंटचे जवान श्रीनगरला नेणाऱ्या डाकोटाचा आहे.

अशा विमानात नवा बोल्ट बसवतानाही तो कुठल्या धातूचा, कुणी केला, कुणी तपासला, याचा कागद लागतो. विमान वळवणाऱ्या कंट्रोलचं काम एकानं केलं तर दुसऱ्यानं स्वतंत्र तपासून सही करायची.

कोल्हापूरला ही शिस्तही आता परकी राहिलेली नाही. मोटार कंपन्यांसाठी काम करणाऱ्या फाउंड्रीत भट्टीतल्या प्रत्येक घाण्याला हीट नंबर मिळतो, नमुन्यावर ठिणगी पाडून स्पेक्ट्रोमीटर कार्बन-सिलिकॉनचं प्रमाण सांगतो, टेस्ट बार तुटेपर्यंत ओढला जातो. कास्टिंग काही वर्षांनी तुटलं तरी कुठल्या दिवशी, कुठल्या रसातून ओतलं ते सांगता येतं. उद्यमनगरचा हात आणि फाउंड्रीचं रजिस्टर एकत्र आलं, तर उडण्याजोगं विमान घडवायला लागणारा निम्मा ऐवज याच गावात आहे. उरलेला निम्मा म्हणजे परवाना आणि जबाबदारी.

मिस्त्रींना मी ते कागदाचं सगळं सांगितलं. विचारलं, अशा कामावर तुम्ही सही कराल का?

त्यांनी हात पुसले. “पयल्या पानापासनं समदं माझ्या डोळ्यासमोर झालं असंल तर करीन. मधलं एक पान जरी गहाळ असंल, तर ते इमान म्युझियमातच बरं.”