पश्चिमेची भिंत

दिवाळीचा चुना मारण्याआधी एक काम उरकून घ्यावं. घराच्या पश्चिमेच्या भिंतीपुढे उभं राहून गेल्या पावसाळ्याचे डाग नीट पाहावेत आणि मोबाइलवर त्यांचे फोटो काढून ठेवावेत. चुन्याचा एक हात फिरला की हा सगळा पुरावा झाकला जातो. मग पुढच्या आषाढात घरात पाणी आलं, की आपण अंदाजानेच कुठेतरी ताडपत्री ठोकतो आणि वारा आपल्या बाजूने वाहील या भरवशावर झोपतो.

धामणगाव रेल्वेच्या जुन्या वस्तीत आणि आसपासच्या खेड्यांत, म्हणजे तळेगाव दशासर, अंजनसिंगी, मंगरूळ दस्तगीरकडे, मातीची घरं अजून उभी आहेत. पांढऱ्या मातीची जाड भिंत, वर कवेलू नाहीतर टिनाचे पत्रे, आणि पावसाच्या अंगाला काही ना काही बांधलेलं. कुठे जुने पत्रे, कुठे तुराट्यांचा कुड, कुठे खताच्या पोत्यांची शिवण घालून केलेला पडदा. आपल्याकडे पावसाळी वारा मुख्यतः पश्चिम-नैर्ऋत्येचा. बाकीच्या तीन भिंती वर्षानुवर्षं तग धरतात, ही एक मात्र दर दोन-चार पावसाळ्यांनी हात मागते.

आणि नेमकी हात मागते ती पावसातच. मृगाच्या आधीच्या वावटळीत एखादा पत्रा उडतो, कुड खालून कुजलेला असतो तो झडीत कलतो. तोवर गावातला प्रत्येक मोकळा हात पेरणीत, मग डवरणीत, मग निंदणात गुंतलेला. मिस्त्री सांगतो, "भाऊ, पोयानंतर पाहू." पोळ्यापर्यंत भिंत थांबायला तयार नसते. घरकुल चालू असलेल्या घरांची तऱ्हा आणखी वेगळी. 2016पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या ग्रामीण घराला 1 लाख 20 हजार रुपये टप्प्याटप्प्याने मिळतात, नवं घर पुरं होईतो जुन्या घराचा अर्धा भाग पाडलेला असतो, आणि एरवी घराच्या पोटात असलेली आतली भिंत एकाएकी पावसात उघडी पडते. तिला कधी पावसाची सवयच नसते. तेव्हा शिडी, हातोडी आणि घरातली दोन माणसं एवढ्यावर काम काढावं लागतं.

काम काढण्याआधी डाग वाचायचे. ओल जमिनीपासून हात-दीड हात उंच आणि वरची कड जवळजवळ सरळ असेल, तर पाणी खालून चढतंय किंवा वळचणीचं पाणी अंगणात आपटून शिंतोडे उडतायत. तिथे भिंत झाकून उपयोग नाही. पागोळ्या पडतात त्या रेषेत गिट्टीचा पट्टा टाकला की शिंतोडे निम्म्याहून कमी होतात, आणि अंगणाचा उतार घराबाहेर केला की चढणारं पाणीही घटतं. डाग वरून खाली ओघळलेला असेल, तर दोष छपराचा: कवेलू सरकलंय किंवा पत्र्याची वळचण आखूड आहे. भिंतीच्या मधोमध, खिडकीच्या खाली किंवा भेगेभोवती पसरट चट्टा असेल, तर तोच खरा झडीचा मार. भिंतीचा आडोसा बदलायचा तो याच्यासाठी. माझं मत विचाराल, तर आपल्याकडे भिंतीवर जो खर्च होतो त्यातला मोठा भाग वळचण दोन फूट पुढे काढण्यावर व्हायला हवा होता.

भिंतीला पावसापुरतं वेगळं अंग चढवायची रीत महाराष्ट्रात जुनीच आहे. कोकणात पडवीला माडाच्या चुडतांची झापं बांधत. महाबळेश्वरला पावसाळ्याआधी घरं-दुकानं गवताच्या ताट्यांनी मढवत. आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण मात्र वर्धा नदीच्या पलीकडे आहे. पुलगावच्या पुढे, सेवाग्रामला. 1936 साली गांधीजी तिथे राहायला आले तेव्हा घर गावात मिळणाऱ्या सामानातून, गावच्याच कारागिरांकडून व्हावं, अशी त्यांची अट होती. माती, बांबू, लाकूड, कवेलू. त्या कुट्या आजही उभ्या आहेत, आणि पावसाळा आला की त्यांच्या मातीच्या भिंतींना शिंदीच्या पानांच्या झांज्या बांधतात. झांजी भिंतीला चिकटलेली नसते. पाणी पानावरून पानावर उतरत जमिनीला लागतं, मागून वारा खेळता राहतो. पावसाळा सरला की त्या काढता येतात आणि भिंत उन्हाला मोकळी होते. सेवाग्रामला गेलेला माणूस चरखा पाहतो, बा-बापूंच्या खोल्या पाहतो. पावसाळ्यात गेलात तर या झांज्यांच्या मागे डोकावून पाहा.

हेच तत्त्व पुढे प्रयोगशाळांनी कागदावर मांडलं. 1963मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतल्या गार्डन नावाच्या अभियंत्याने इमारतीत पाऊस कसा शिरतो यावर एक छोटं टिपण लिहिलं. त्याचं म्हणणं असं: पाणी आत यायला तीन गोष्टी एकाच वेळी लागतात. भिंतीवर पाणी हवं, आत जायला भोक हवं आणि त्या भोकातून पाणी ढकलणारं बळ हवं. तिन्हींपैकी एक काढून घेतलं तरी गळती थांबते. आपण सगळे भोकाच्या मागे लागतो, सिमेंट, डांबर, एमसील घेऊन. पण प्रत्येक भोक बुजवणं कुणालाच जमत नाही, आणि बुजवलेलं भोक उन्हाळ्यात काळ्या मातीचा पाया हलला की पुन्हा उघडतं. आडोशामागे दीड-दोन इंच मोकळी जागा ठेवली की वाऱ्याचं ढकलणं तिथेच बोथट होतं. जे थेंब आत शिरतात ते आडोशाच्या पाठीवरून खाली गळून जातात, भिंतीपर्यंत पोचतच नाहीत. अमेरिका-कॅनडातली लाकडी घरं ज्या पट्ट्यांनी मढवलेली असतात, त्यांच्याही मागे आता अशीच पोकळी ठेवण्याचा कल आहे.

आता प्रत्यक्ष काम. पावसाळ्यात पहिला नियम एकच: संध्याकाळपर्यंत झाकता येईल तेवढंच सकाळी उघडायचं. सगळा जुना आडोसा एकदम ओरबाडून काढायचा मोह होतो, कारण काढणं सोपं आणि त्यात मजाही येते. पण उघड्या मातीच्या भिंतीला एक रात्रीची झड पुरते. दोन पत्र्यांएवढी जागा उघडावी, मागची भिंत पाहावी, रिपा ठोकाव्यात, नवे दोन पत्रे चढवावेत, मग पुढे सरकावं. ताडपत्री वळचणीखाली आधीच गुंडाळून बांधून ठेवली, की आभाळ भरून आल्यावर दोरी सोडायचंच काम राहतं. गडगडाट ऐकू आला की पत्रा हातातून ठेवून शिडीवरून उतरायचं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप वीज कुठे पडतेय ते दाखवतं, ते मोबाइलमध्ये असू द्यावं.

पत्रे कुठल्या टोकाकडून लावायचे, इथे पुष्कळ जण चुकतात. आपण दाराजवळून सुरुवात करतो, कारण सामान तिथे पडलेलं असतं. भिंत पश्चिमेची आणि वारा नैर्ऋत्येचा असेल, तर सुरुवात उत्तर टोकाकडून करायची आणि दक्षिणेकडे सरकत जायचं. प्रत्येक नवा पत्रा आधीच्या पत्र्याच्या कडेवर चढतो, सांध्याची उघडी कड उत्तरेला राहते आणि वारा तिच्यावरून सरळ घसरून जातो. उलट लावलं तर प्रत्येक सांधा पावसाकडे तोंड वासून उभा राहतो. उंचीला दोन पत्रे लागत असतील तर खालचा आधी, वरचा त्याच्यावर चार-सहा इंच उतरवून. कडेला दीड पन्हळ एकावर एक यावी.

नालीदार पत्रा लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री पामर नावाच्या अभियंत्याने 1829 साली काढला. पातळ लोखंडाला नागमोडी केलं की ते वाकत नाही, एवढीच त्याची युक्ती. भिंतीसाठी तिचा आणखी एक फायदा आहे. आडव्या रिपांवर पत्रा उभा ठोकला तरी नाल्यांमधून हवेला वर जायला वाट राहते, म्हणून पोकळी तुटत नाही. सपाट पत्रा किंवा फायबरची शीट असेल तर मात्र रिपा उभ्याच मारायच्या. छपरावर स्क्रू पन्हळीच्या माथ्यावर मारतात, भिंतीवर तो खोलगट भागात मारला तरी चालतो, कारण तिथे पाणी साचत नाही आणि पत्रा रिपेला घट्ट बसतो. स्क्रूखालचा रबरी वायसर नुसता दबला पाहिजे. फुगून बाहेर आला की उन्हाळ्यात फाटलाच म्हणून समजा. पत्रा कापायला कात्री वापरावी. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी कडेचा जस्ताचा थर जळतो आणि पहिला गंज तिथूनच धरतो. लोखंडाचा कीसही पत्र्यावर राहू देऊ नये, झाडून टाकावा. गेजच्या आकड्याचा गोंधळ दुकानात नेहमी होतो: आकडा मोठा तितका पत्रा पातळ.

पोकळीचं खालचं तोंड जमिनीपासून वीतभर वर उघडं ठेवायचं, पण त्याला बारीक जाळी मारायचीच. मागची थंड, अंधारी फट उंदराला आवडते, आणि उंदरामागे कोण येतं ते सांगायला नको. वरचं तोंडही वळचणीखाली जाळी लावून मोकळं सोडायचं. याचं फळ मे महिन्यात मिळतं. आपल्याकडे पारा पंचेचाळिशी गाठतो आणि दुपारचं ऊन याच भिंतीवर येतं. पत्रा तापला की पोकळीतली हवा हलकी होऊन वरून निघून जाते, खालून दुसरी येते. पावसासाठी केलेला आडोसा भिंतीला सावली देतो. पत्रा भिंतीला चिकटवून ठोकला तर हे काहीच होत नाही, उलट संध्याकाळी खोली भट्टी होते.

पत्र्याला पैसे नसतील तर तुराट्यांचा कुड आजही चांगला. पऱ्हाटीचा मात्र टाळावा. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीवर राहिलेल्या वाळक्या बोंडांत दडून राहते, म्हणूनच तर पऱ्हाटीचे ढीग शेतात-गावात साठवू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. भिंतीला बांधलेली पऱ्हाटी म्हणजे तोच ढीग उभा केलेला.

दोन ठिकाणी हौस आवरावी. भिंतीवरून विजेची सर्विस वायर येत असेल, तर मेन स्विच बंद करून त्या वायरला हात लावायचा नाही, कारण सर्विस वायर मेन स्विचच्या आधी असते आणि तिच्यात वीज चालूच राहते. ते काम महावितरणच्या माणसाचं. वायर पाइपमधून, पत्र्याला न टेकता यायला हवी. ओल्या पत्र्यावर घासलेली वायर म्हणजे अख्खी भिंत जिवंत. दुसरं, जुने सिमेंटचे पत्रे. त्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक. ते फोडू नयेत, ग्राइंडरने कापू नयेत, पाणी मारून ओले करावेत, तोंडाला चांगला मास्क लावावा आणि अखंडच उतरवावेत. सगळ्या कामात पाऊस मदतीला येतो तो एवढ्या एका ठिकाणी.

पैसा हाताशी आला की बहुतेक जण मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करून घेतात. घर पक्कं दिसतं, सोयरे-धायरे मान देतात. पण मातीची भिंत ओल घेते आणि सोडते, सिमेंट तिला सोडू देत नाही. पाया थोडा हलला की प्लास्टरला केसाएवढा तडा जातो, पाणी आत शिरतं आणि आतच मुरतं. मागची माती भिजून खाली बसते, पुढे प्लास्टरचं कवच तसंच उभं. बोटाच्या पेराने ठोकत गेलं की कळतं: भरीव जागी ठक्क आवाज येतो, मग एकाएकी डबा वाजल्यासारखा. धामणगावच्या एका जुन्या मिस्त्रीचं म्हणणं, "भित वल्ली हाय तवरिक तिले काईच लावू नोका, ते आधी सुकू द्या." रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने पाण्याने न झिजणारा मातीचा गिलावा तयार केला, तो या बाबतीत सिमेंटपेक्षा समंजस. मातीत गव्हाचं कुटार कुजवायचं आणि त्यात डांबर, रॉकेल व थोडं मेण यांचं मिश्रण मळायचं. मात्र तापलेलं डांबर रॉकेलमध्ये ओतायचं असतं, ते चुलीपासून लांब, उघड्यावर आणि जाणत्या माणसाच्या हातून.

ही छबाई पावसात करायची नसते. झडीत मातीचा गिलावा वाळत नाही, नुसता लोंबतो. श्रावण-भाद्रपदात आडोसा सावरून घ्यायचा आणि भिंतीला हात आता, कार्तिकात लावायचा. भिंत वाळली का, हे पाहायला हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतल्या बाजूला थेंब दिसले तर गारा करायची घाई नको, आठवड्याने पुन्हा लावून पाहा. तोवर कुटार भिजत घालायला हरकत नाही. जितकं कुजेल तितकं ते मातीला धरून राहतं.