कट-अप: सुरी हातात येण्याआधी

मंडळाच्या अंकासाठी "तू तिकडे नेमकं काय करतेस ते लिही" असा निरोप आला. मी इंग्लंडमधल्या एका सरकारी रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात बायोमेडिकल सायंटिस्ट आहे. सध्या तिथेच 'कट-अप' शिकते. आईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "जेवताना बोलू नको गो!" तर मंडळी, जेवण झालं असेल तरच पुढे वाचा.

शस्त्रक्रियेत काढलेला अवयव फॉर्मॅलिनमध्ये घालून आमच्याकडे येतो. तो अख्खा सूक्ष्मदर्शकाखाली मावत नाही. म्हणून त्याचं निरीक्षण करायचं, मोजमाप घ्यायचं, काठांना शाई लावायची, काप करायचे आणि त्यांतले मोजके तुकडे प्लास्टिकच्या छोट्या कॅसेटमध्ये ठेवायचे. पुढे ते मेणात बसतात आणि ३-४ मायक्रॉन जाडीचे छेद काचेवर येतात. पॅथॉलॉजिस्टला दिसतो तो एवढाच भाग. आपण जो तुकडा उचललाच नाही, त्यातला आजार कुणालाच दिसत नाही.

आपल्याकडे याला ग्रॉसिंग म्हणतात, आणि ते बहुधा एमडी करणारे डॉक्टर करतात. तंत्रज्ञ शेजारी उभा राहून कॅसेट आणि नंबर सांभाळतो. ब्रिटनमध्ये पॅथॉलॉजिस्ट कमी आणि नमुने फार, म्हणून हे काम प्रशिक्षित सायंटिस्टकडेही येत गेलं. रॉयल कॉलेज ऑफ पॅथॉलॉजिस्ट्स आणि इन्स्टिट्यूट ऑफ बायोमेडिकल सायन्स मिळून त्यासाठी डिप्लोमा देतात. नमुन्यांचे ए ते ई असे गट आहेत. ए म्हणजे नुसता उचलून कॅसेटमध्ये ठेवायचा इवलासा तुकडा; ई म्हणजे कर्करोगासाठी काढलेले गुंतागुंतीचे अवयव. शिकाऊ माणूस खालून वर चढतो, प्रत्येक केस वहीत नोंदवतो आणि कन्सल्टंट ती तपासतात.

सुरीआधी शिकवतात ते वाचायला. डब्यावरचं नाव, अर्जावरचं नाव, अवयव, बाजू, सगळं जुळल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. मग वर्णन. साहित्य मंडळात घडलेल्या माणसाची इथे पंचाईत होते, कारण "बऱ्यापैकी मोठी गाठ" चालत नाही. तीन बाजू मिलिमीटरमध्ये, रंग, आणि सर्वांत जवळच्या काठापासूनचं अंतर. गंमत म्हणजे या शास्त्रातल्या जुन्या उपमा सगळ्या स्वयंपाकघरातल्याच. हृदय थकल्यामुळे रक्त तुंबलेल्या यकृताला 'जायफळी यकृत' म्हणतात. आपल्या फोंड्याच्या कुळागरातलं जायफळ मधोमध कापून बघा, उपमा लगेच पटेल.

पित्ताशय हा शिकाऊंचा रोजचा नमुना. उघडायचं, पित्त धुवायचं, खडे बघायचे, भिंतीची जाडी मोजायची, नळीचा कापलेला काठ घ्यायचा. दहा सारखी निघतात, हात वेगाने चालू लागतो, आणि अकराव्याची भिंत एका जागी टणक लागते. अर्जावर फक्त 'खडे' लिहिलेलं असतं. इथे आणखी एकही काप घ्यायचा नाही. सुरी खाली ठेवून पॅथॉलॉजिस्टला हाक मारायची. परीक्षेत काय कापलं यापेक्षा कुठे थांबलात हे जास्त विचारतात, आणि मला ते योग्यच वाटतं.

मोठ्या आतड्याचा कर्करोग असेल तर खरं काम चरबीत असतं. गाठीभोवतालच्या चरबीत लसिका ग्रंथी दडलेल्या असतात, काही तर तांदळाच्या कणीएवढ्या. बोटांनी चाचपून त्या शोधायच्या. निदान १२ मिळाव्यात अशी अपेक्षा असते. एखादीत कर्करोग सापडला तर आजाराचा टप्पा बदलतो आणि सहसा केमोथेरपीचा विचार होतो. ती ग्रंथी चरबीतच राहून गेली तर रिपोर्ट चांगला दिसतो, आणि रुग्ण हवा तो उपचार न घेताच घरी जातो. म्हणून संध्याकाळी पाच वाजता नऊच सापडल्या असल्या तरी पुन्हा चरबीत हात घालायचा.

उरलेला अवयव रिपोर्टनंतरही काही आठवडे जपून ठेवतात, त्यामुळे आणखी तुकडे घेता येतात. पण शाई न लावता काप केले, तर खरा काठ कुठला हे नंतर खात्रीने सांगता येत नाही.

मी सध्या सी गटात आहे: अपेंडिक्स, पित्ताशय, असलेच नमुने. आतड्याच्या केसला अजून बाजूला उभी राहून बघते. आमच्या कन्सल्टंट बाई चरबीचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवतात आणि विचारतात, "यात किती?" परवा मी चार म्हटलं. त्यांनी पाचवी काढून दाखवली.